कबड्डीत दुसऱ्या हाफला पाय जड पडतात, स्टॅमिना कसा वाढवू?

तू लिहिलंयस ते आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय १८, वजन ६८ किलो, रेडर, म्हणजे चढाई करणारा, आहेस. रोज सकाळी ५ किलोमीटर पळतोस, त्यानंतर ३०० बैठका आणि १५० जोर, संध्याकाळी मैदानावर दीड-दोन तास प्रॅक्टिस. एवढं करूनही दुसऱ्या हाफमध्ये पाय उचलत नाहीत, टच मारून परत येताना पकडला जातोस. म्हणून विचारतोयस की स्टॅमिना कसा वाढवू, पळणं ८ किलोमीटर करू का, आणि प्रोटीन पावडर घेऊ का.

पळणं वाढवू नकोस. उलट निम्म्याहून जास्त कमी कर. का ते नीट समजून घे, कारण अशी मेहनती पोरं मी वर्षानुवर्षं बघतोय, कबड्डीत पण आणि खो-खोत पण. हंगाम सुरू झाला की एकेकाचा गुडघा नाहीतर घोटा जातो, आणि गावाकडून सल्ला एकच येतो की अजून पळ.

आधी मैदानाचं माप बघ. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटर, तिथून पुढे १ मीटरवर बोनस रेषा, आणि मागची अंतिम रेषा मध्यरेषेपासून साडेसहा मीटर. म्हणजे तू बोनस घेऊन फिरलास तरी परतीचं अंतर पाच मीटरच्या आतलंच, चांगल्या खेळाडूला हे सेकंद-सव्वा सेकंदाचं काम. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, त्यातही खरा जीव तोडून जोर लावायचा वेळ तीन-चार सेकंद असतो, बाकी वेळ तू हलतोयस, खेळवतोयस, कॉर्नरला, म्हणजे कोपऱ्यातल्या डिफेंडरला, आत बाहेर करतोयस. २० मिनिटांचे दोन हाफ धरले तर दोन्ही टीमच्या मिळून ८० च्या आसपास चढाया होतात आणि मुख्य रेडर असशील तर त्यातल्या पंधरा-वीस तुझ्या वाट्याला येतात. मधल्या वेळेत डिफेन्समध्ये कोपरा नाहीतर कव्हर (कोपऱ्याच्या आतली जागा) धरून उभा राहतोस, किंवा आउट होऊन बाहेर बसतोस. आता सांग, या सगळ्यात सलग २५-३० मिनिटं एका चालीत पळणं कुठे येतं? कुठेच येत नाही.

शरीरात काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. स्नायूत आयतं साठवलेलं इंधन असतं, त्याला क्रिएटिन फॉस्फेट म्हणतात, पूर्ण जोरातली हालचाल त्यावर चालते आणि ते सहा-सात सेकंदांत बरंचसं संपत येतं. मग विश्रांती मिळाली की परत भरतं. साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं भरतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. हे भरून काढायचं काम ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा करते, म्हणून दमसासाचा पाया लागतोच, तुझं पळणं अगदी फुकट गेलेलं नाही. पण तो पाया तुझ्याकडे आता आहे. रोज तेच ते मंद पळून पायाला मंद हालचालीचीच सवय लागते, आणि त्याच थकलेल्या पायांनी संध्याकाळी मैदानावर जातोस, त्यामुळे प्रॅक्टिसमध्ये एकही चढाई तू पूर्ण वेगाने करत नाहीस. आठवड्याचे सहा दिवस ऐंशी टक्क्यांवर खेळायची सवय लावायची आणि रविवारी मॅचला शंभर टक्के मागायचे, पाय देणार कुठून.

आता मुख्य मुद्दा. तू परतीला पकडला जातोस त्याचं कारण मला तरी स्टॅमिना वाटत नाही, तुला ब्रेक मारता येत नाही हे वाटतं. खात्री करायची असेल तर एक काम कर, पुढच्या मॅचचा व्हिडिओ बाजूने काढायला सांग, आणि जिथे पकडला गेलास तिथे स्लो करून फक्त तुझे पाय बघ. टच मारून फिरताना जो पाय तू रोवतोस त्या क्षणी कंबर कुठे आहे ते बघ. बहुतेक पोरांची कंबर उंच असते, गुडघा जवळपास सरळ, पाय शरीराच्या अगदी खाली पडलेला, मग वेग थांबवायला एका पावलाच्या जागी तीन छोटी पावलं लागतात, त्या तीन पावलांत कव्हरवाला डॅश, म्हणजे अंगाने धक्का, मारून लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्ट्यात, नेतो नाहीतर हात धरून उभ्या डिफेंडरांची चेन मागून बंद होते. चांगला रेडर फिरायच्या आधीच बसलेला असतो. पाय शरीराच्या पुढे आणि थोडा बाहेर पडतो, गुडघा वाकलेला, गुडघा आणि पायाचा अंगठा एकाच दिशेला, छाती मात्र अजून डिफेंडरकडे, आणि एका रोवणीत तो उलट दिशेला निघालेला असतो. दुसऱ्या हाफला हे आणखी बिघडतं कारण मांड्या थकल्या की कंबर आपोआप वर येते, आणि तुला वाटतं दम कमी पडला.

थांबताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि तो स्नायू लांबत असताना झेलावा लागतो. बैठका मारून हे येत नाही. बैठकांना मी नावं ठेवत नाही, तालमीतला व्यायाम आहे, सांधे मोकळे होतात, पोरात चिकाटी येते. पण ३०० बैठका मारू शकणारा माणूस ३०० बैठका मारण्यात तरबेज होतो, त्याने ताकद एका मर्यादेनंतर वाढत नाही, कारण प्रत्येक बैठकीत वजन तेच आहे, तुझं स्वतःचं. ताकद वाढवायची तर वजन वाढवावं लागतं आणि आकडा कमी करावा लागतो. पाच-सहा वेळाच उचलता येईल असं वजन, चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं शांत बसायचं. जिममध्ये बारबेल स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन मारलेली बैठक, शिकून घे, जाणत्या माणसाकडूनच शीक. वर्ष-दीड वर्षात शरीराच्या दीडपट, म्हणजे तुझ्या बाबतीत १०० किलोच्या आसपास, स्वच्छ खोल स्क्वॉट आला की तुझ्या परतीत फरक बाहेर बसलेल्यालाही दिसेल. घाई करायची नाही, दर आठवड्याला अडीच किलो चढवलंस तरी खूप झालं, आणि पाठ वाकायला लागली की तिथेच थांबायचं.

त्याच्या जोडीला एका पायाचे व्यायाम. मागचा पाय बाकावर ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॉट, आणि नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि शरीर सरळ ठेवून जेवढं हळू जमेल तेवढं हळू पुढे पडत जायचं. हॅमस्ट्रिंगसाठी याच्यासारखा व्यायाम नाही. मॅच नसलेल्या आठवड्यात दोनदा, मॅचच्या आठवड्यात एकदा, पाच-पाचचे दोन-तीन सेट, पहिले दोन आठवडे मांडी मागून जाम दुखेल, तेव्हा मॅचच्या आधीच्या दोन दिवसांत नको. जांघेसाठी कोपनहेगन प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन वरचा पाय बाकावर ठेवून शरीर सरळ उचलून धरायचं, कारण साइड किक आणि टो टचमध्ये जांघ ताणली जाते आणि आपल्याकडे तिच्याकडे कुणीच बघत नाही. पोटरी एका पायावर, पायरीच्या कडेवर उभं राहून. पकडीसाठी दोर चढणं, टॉवेल लटकवून पुल-अप, मल्लखांब असेल तर फारच छान. तू रेडर असलास तरी पकड लागतेच, शेवटी तुलाही डिफेन्समध्ये उभं राहायचंय.

मग ब्रेकचा सराव. यासाठी वेगळं काही सामान लागत नाही, मैदानावरच्या रेषा पुरेत. पहिले दोन-तीन आठवडे फक्त थांबणं. मध्यरेषेवरून अर्ध्या जोरात निघायचं, निदान रेषेवर दोन पावलांत पूर्ण थांबायचं आणि तिथे दोन सेकंद पुतळ्यासारखं राहायचं. हललास, गुडघा आत गेला, टाच घसरली तर तो मोजायचा नाही. आठ-दहा चांगले झाले की बस. तीस सेंटिमीटरच्या पेटीवरून किंवा पायरीवरून खाली उतरून आवाज न करता दोन्ही पायांवर थांबणं, मग एका पायावर. हे इतकं साधं दिसतं की पोरं कंटाळतात, पण गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती बऱ्याचदा कुणी अंगावर न येता, असं थांबताना, वळताना किंवा उडी मारून उतरतानाच होतात, त्यामुळे मी हा भाग कुणालाच सोडू देत नाही. त्यानंतर वेग वाढव, मग थांबून उलट निघणं, मग ४५ अंशात, मग ९० अंशात.

आणि शेवटची पायरी म्हणजे समोर माणूस. हे महत्त्वाचं आहे, कारण हल्ली सगळीकडे ती जमिनीवर टाकायची शिडी दिसते, पोरं तिच्यात टकटक पाय नाचवतात, व्हिडिओ मस्त दिसतो. वॉर्म-अपला ठीक आहे. पण शिडीत पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे आधीच ठरलेलं असतं, मॅचमध्ये ते कॉर्नर ठरवतो. चपळता म्हणजे समोरच्याचं बघून दिशा बदलणं, त्यात डोळ्यांचं आणि डोक्याचं काम पायांइतकंच आहे. म्हणून जोडीदाराला निदान रेषेपलीकडे उभं कर, त्याने डावीकडून किंवा उजवीकडून झडप घालायची, आधी सांगायचं नाही, तू त्याच्या खांद्यावर आणि कंबरेवर नजर ठेवून उलट बाजूने सुटायचं. पाच सेकंदांची एक झटापट, मग पाऊण ते एक मिनिट आराम, सहा वेळा. एवढ्याचे दोन सेट झाले की संपलं. यात दमलास म्हणून चांगलं झालं असं समजायचं नाही, वेग पडला की थांबायचं.

अजून एक गोष्ट जी फिटनेसवाले विसरतात ती म्हणजे आपला कॅन्ट. दुसऱ्या कुठल्या खेळात माणूस जोर लावताना सतत बोलत असतो? तू ३० सेकंद एकाच श्वासावर ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोयस आणि त्याच वेळी मांड्यांना जोर लावतोयस, आतमध्ये कार्बन डायऑक्साइड साठत जातो, छाती फुटल्यासारखी वाटते आणि नेमका त्या शेवटच्या सात-आठ सेकंदांत निर्णय चुकतो. म्हणून वरचा जोडीदाराबरोबरचा सराव निम्मा वेळ कॅन्ट लावून कर. झटापट पाच सेकंदांचीच, पण कॅन्ट तिच्या आधीपासून चालू ठेवायचा, आधी एकूण १५ सेकंद, मग २०, मग २५. चक्कर येईपर्यंत श्वास ओढून धरायचा नाही, त्याचा काहीही फायदा नाही. आणि चढाई संपवून परत आलास की कमरेवर हात ठेवून दोन लांब उच्छ्वास आधी बाहेर सोड, मग रेफ्रीकडे बघ. पोरं येऊन लगेच ओरडायला लागतात, पंचाशी वाद घालतात, आणि मिळालेला अर्धा मिनिट घालवतात.

दमसासासाठी काहीच करायचं नाही असं नाही. रोजच्या ५ किलोमीटरच्या जागी आठवड्यातून दोनदा असं कर: आधी एकदा ग्राउंडवर पाच मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर जातोस ते मोज. समज १३५० मीटर झालं, त्याला ३०० सेकंदांनी भाग, ४.५ मीटर प्रति सेकंद आला. याच्यापेक्षा दहा टक्के जास्त वेगाने १५ सेकंद पळायचं म्हणजे साधारण ७५ मीटर, तिथे कोन ठेव, मग १५ सेकंद चालायचं, परत पळायचं. असं सहा मिनिटं, तीन-चार मिनिटं विश्रांती, परत सहा मिनिटं. झालं. वीस मिनिटांत काम होतं आणि पाय मरत नाहीत. सुट्टीच्या दिवशी एखाद वेळी आरामात अर्धा तास पळावंसं वाटलं तर पळ, मन मोकळं होतं, त्याला ट्रेनिंग समजू नकोस एवढंच.

आठवडा कसा बसवायचा, तर मॅच रविवारी धरून सांगतो. सोमवारी पूर्ण हलकं, चालणं, स्ट्रेचिंग, झोप. मंगळवारी संध्याकाळी प्रॅक्टिसच्या आधी, ताजा असताना, दहा-दहा मीटरच्या सहा-आठ स्प्रिंट, प्रत्येकीमध्ये निदान एक मिनिट थांबून, मग ब्रेकचा सराव, मग कबड्डी. स्प्रिंट आणि ब्रेक कधीही शेवटी ठेवायचे नाहीत, थकलेल्या पायाने केलेला वेगाचा सराव तुला हळू पळायला शिकवतो. बुधवारी सकाळी वजनं, संध्याकाळी खेळ कमी, फक्त स्किल. गुरुवारी १५-१५ चं पळणं आणि मॅचसारखा खेळ. शुक्रवारी परत वजनं, पण निम्मे सेट आणि नॉर्डिकशिवाय. शनिवारी वीस मिनिटं घाम येईपर्यंत आणि घरी. १५-१५ चा दुसरा दिवस मंगळवारच्या खेळानंतर छोटा करून घातलास तरी चालेल, कॉलेज आणि प्रवास बघून ठरव. टुर्नामेंटच्या काळात, म्हणजे आपल्याकडे थंडीपासून मे महिन्यापर्यंत गावोगावी प्रकाशझोतातले सामने चालू असतात आणि पोरं एका रात्रीत तीन-तीन मॅच खेळतात, त्या आठवड्यात वजनं एकदाच उचल आणि बाकी सगळं सोडून दे.

मातीवर प्रॅक्टिस करून मॅटवर खेळायला जात असशील तर एक सांगायलाच हवं. मातीत पाय थोडा सरकतो, तो सरकण्यात धक्का जिरतो. मॅटवर बूट चिकटतो, पाय जागेवर आणि शरीर फिरतंय अशी अवस्था होते, सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर. त्यामुळे मोठ्या स्पर्धेच्या आधी निदान दोन-तीन आठवडे मॅटवर सराव मिळतोय का बघ, जवळच्या क्लबकडे विनंती कर, आणि बूट नवे कोरे घालून थेट मॅचला उतरू नकोस. आपल्या भागातल्या चांगल्या चांगल्या मातीतल्या खेळाडूंचे गुडघे या एका गोष्टीने गेलेले बघितलेत, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण टाळता आलं असतं.

प्रगती मोजायची तर चार गोष्टी पुरेत, दर सहा आठवड्यांनी. उभ्याने लांब उडी, दहा मीटर स्प्रिंट, ४ बाय १० मीटरची शटल (दहा मीटर अंतर येऊन-जाऊन चारदा धावणं), आणि आपली स्वतःची एक टेस्ट: मध्यरेषेवरून निघून बोनस रेषेला पाय लावून परत मध्यरेषा, उजव्या पायावर फिरून तीनदा, डाव्या पायावर फिरून तीनदा. हातातल्या घड्याळाने मोजू नकोस, बोटाच्या चुकीत दीड-दोन दशांश सेकंद सहज जातात आणि तू जे शोधतोयस तो फरक तेवढाच आहे. मोबाइल स्टँडवर लावून ६० फ्रेमने शूट कर आणि फ्रेम मोज, एक फ्रेम म्हणजे साधारण ०.०१७ सेकंद. डाव्या-उजव्यात फरक सापडला तर तिथेच तुझं उत्तर आहे, कारण चांगली डिफेन्स दोन चढायांत ओळखते की हा एकाच बाजूला वळतो आणि मग ती बाजू बंद करते. प्रतिक्रिया वेळ मोजायला पट्टी पकडायची टेस्ट करतात, सोडलेली पट्टी २० सेंटिमीटरला पकडली तर ०.२० सेकंद, १५ ला पकडली तर ०.१७ च्या आसपास. करून बघ, पण तो आकडा सरावाने फार हलत नाही. हलतं ते समोरच्याला वाचणं. इराणच्या फझल अत्राचलीसारखा कॉर्नर घोट्यावर येतो तेव्हा तो तुझा पाय उठायच्या आधीच निघालेला असतो, ते पट्टीत दिसत नाही. त्यासाठी खेळ बघावा लागतो, कॉर्नर कधी वजन पुढच्या पायावर घेतो ते बघत बसायचं.

प्रोटीन पावडरचं. ६८ किलोला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम प्रोटीन पुरतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठा ग्लास दूध आठ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस, शिजवलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये पंचवीसच्या वर, शिवाय डाळ, उसळ, शेंगदाणे, दही आहेच. घरचं नीट खाल्लंस तर पावडरीची गरज पडत नाही, आणि पडलीच तर व्हे म्हणजे दुधाचंच प्रोटीन आहे, विष नाही आणि जादूही नाही. पण जिमवाल्याने दिलेली सुट्टी पुडी, मोठ्या दंडाचा फोटो असलेला ‘मास’ वाढवायचा डबा, प्री-वर्कआउट, असलं काही तोंडात घालू नकोस. त्यात काय मिसळलंय ते तुला कळणार नाही, आणि उद्या राज्याकडून खेळताना नाडाने, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, सॅम्पल घेतलं तर शरीरात काय सापडलं त्याला जबाबदार तूच, ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. इंजेक्शनबद्दल कुणी बोललं तर त्याच्याशी बोलणंच बंद कर.

वजनगटात बसायला म्हणून दोन दिवस पाणी सोडून जॅकेट घालून पळणारी पोरं आहेत, तुझ्या टीममध्येही असतील. तू करू नकोस. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्के जरी उतरलं तरी खेळावर परिणाम दिसायला लागतो, वजन करून दोन ग्लास पाणी प्यायल्याने ते लगेच भरून येत नाही, आणि उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं. दोन किलो उतरवायचे असतील तर सहा आठवडे आधीपासून रात्रीचा भात आणि तळलेलं कमी करून उतरव.

परत येताना गुडघ्यात कधी ‘कट्’ असा आवाज येऊन सूज आली असेल, किंवा पायरी उतरताना गुडघा सुटल्यासारखा वाटत असेल, तर वरचं काहीच सुरू करू नकोस, मालिश करणाऱ्याकडेही जाऊ नकोस, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखव. तसलं काही नसेल तर या मंगळवारपासून थांबायच्या सरावाने सुरुवात कर, स्क्वॉट शिकवणारा माणूस शोध, आणि त्या बोनस रेषेच्या टेस्टचे डाव्या-उजव्याचे आकडे काढलेस की इथेच टाक, त्यावरून पुढचे सहा आठवडे कसे बसवायचे ते बघू.